उकिरड्याच्या आत कोण राहतं?

सध्या शेणाला बरे दिवस आलेत. एकीकडं रासायनिक खतांचे भाव आणि युरियासोबत नको ती बाटली गळ्यात मारायची लिंकिंगची कटकट, दुसरीकडं केंद्रानं नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेलं 2481 कोटींचं राष्ट्रीय नैसर्गिक शेती मिशन, त्यामुळं गावोगाव शिबिरं चाललीत आणि व्हॉट्सॲपवर रोज एक नवीन फॉरवर्ड येतोय की एक ग्रॅम शेणात इतके कोटी जिवाणू, अमुक कल्चर टाका नि महिन्यात खत तयार. यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आहे, आणि मला विचाराल तर जे खरं महत्त्वाचं आहे ते यात येतच नाही. शेणात जिवाणू आहेत हे कुणीही सांगेल, पण त्यातले कोण वाढणार आणि कोण मरणार हे ठरतं हवा, पाणी, ऊब आणि खायला काय मिळतंय यावर. गाय कुठली आणि बाटली कुठली हा प्रश्न त्याच्या बराच नंतर येतो.

## गाय खाते चारा, पचवतं दुसरंच कुणी

काडीतलं सेल्युलोज पचवायची सोय गाईच्या स्वतःच्या शरीरात नाही, म्हशीच्याही नाही आणि शेळीच्याही नाही. ते काम तिच्या पहिल्या पोटात, ज्याला रुमेन म्हणतात, तिथं राहणारे जिवाणू करतात. मोठ्या गाईचं रुमेन म्हणजे शंभर लिटरच्या वरची टाकी, आत 39 डिग्री टेम्परेचर, ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, आणि एकेका मिलिलिटरमध्ये हजार कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू. ते चारा आंबवतात, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं सुटतात आणि गाय मुख्यतः त्या आम्लांवर जगते. आपल्याला वाटतं आपण गाईला खायला घालतो, पण पहिला घास जिवाणूंचा असतो.

पुढं आतड्यात जिवाणूंची वेगळी वस्ती असते, तीही आपला वाटा काढून घेते, आणि शेवटी जे बाहेर पडतं त्यात साधारण 80 टक्के पाणी, उरलेल्यात न पचलेले तंतू, लिग्निन म्हणजे काडीचा लाकडासारखा टणक भाग, आणि जिवंत-मेलेले जिवाणू. थोडक्यात सोपा माल आधीच संपलेला असतो. पुण्यातल्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी नेमकं हेच धरलं, की गॅसच्या टाकीत शेण कशाला, पिष्टमय खरकटं टाका, किलोमागं कितीतरी जास्त गॅस मिळेल, आणि त्यांच्या त्या छोट्या घरगुती प्लांटला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेण गॅससाठी वाईट नाही, पण ते एकदा खाऊन झालेलं अन्न आहे हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच उलगडतं.

## हे मोजतात तरी कसं?

आधी पद्धत अशी होती की शेण पाण्यात कालवायचं, थेंबभर बशीतल्या जेलीवर पसरायचं आणि जितके ठिपके उगवतील तितके जिवाणू म्हणायचं. अडचण ही की शेणातले बहुतेक जिवाणू हवा लागली की मरतात किंवा त्या बशीतलं अन्न त्यांना चालत नाही, त्यामुळं जे उगवतं ते खरं चित्र नसतं. आता सरळ नमुन्यातला सगळा डीएनए काढतात आणि त्यातला 16एस नावाचा एक जीन वाचतात, हा प्रत्येक जिवाणूत असतो पण जातीनुसार थोडा थोडा बदलतो, म्हणून बशीत न उगवताही कोण कोण आहे ते कळतं.

याच 16एसची तुलना करून कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी 1977 मध्ये दाखवलं की मिथेन तयार करणारे जीव दिसायला बॅक्टेरियासारखे असले तरी बॅक्टेरिया नाहीतच, ती जीवसृष्टीची वेगळीच शाखा आहे. तिला आर्किया म्हणतात. म्हणजे गोबर गॅसवर चहा उकळतो तेव्हा तो गॅस बनवणारं बॅक्टेरियांच्या भावकीतलंही नसतं.

ताज्या शेणात मुख्य वस्ती फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडेट्स या दोन मोठ्या गटांची असते. ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं तो ई. कोलाय शंभरात एकही नसतो, पण बशीत झटकन उगवतो म्हणून नाव त्याचं झालं.

## "पण देशी गाईच्या एक ग्रॅम शेणात 300 कोटी जिवाणू असतात ना?"

असतील, जास्तच असतील. हा 300 ते 500 कोटींचा आकडा शिबिरात सांगितला की लोक वहीत लिहून घेतात, पण माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत दहा हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात, त्यामुळं नुसत्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. कुठल्याही आतड्यातून येणारा माल जिवाणूंनी ठासून भरलेलाच असणार. शिवाय कोण किती हे जनावर काय खातंय यानं खूप बदलतं. कडबा आणि गवतावरची गाय, आणि पेंड-सरकी-मक्यावरची दूधवाली गाय यांचं शेण हातात घेतलं तरी फरक कळतो, एक घट्ट आणि तंतूंचं, दुसरं पातळ आणि उग्र वासाचं, आणि आतली वस्तीही वेगळी. जातीचा फरक अजिबात नसतो असं म्हणत नाही, पण देशी आणि संकरित गाईची तुलना करायची तर दोघींना चारा एकच द्यावा लागेल, आणि फॉरवर्ड करणारे हे कधी सांगत नाहीत.

## पो पडला की काय होतं

शेण बाहेर पडलं त्या क्षणी आतल्यांची दुनिया बदलते. टेम्परेचर 39 वरून खाली येतं, वरच्या थराला हवा लागते, आतड्यातले अनेक जिवाणू मरतात किंवा निपचित पडतात. हवा असो नसो दोन्हीकडं निभावून नेणारे वर येतात, बाहेरच्या मातीतले, माश्यांच्या आणि शेणकिड्यांच्या अंगावरचे नवे येतात. पो उन्हात वाळला तर सगळंच थांबतं, कारण पाण्याशिवाय कुणालाच काम करता येत नाही. गोवरीला वास का येत नाही याचं उत्तर हेच, आतली वस्ती बंद पडलेली असते, आणि जाळेपर्यंत ती तशीच राहते.

ढीग घातला तर मात्र वेगळीच गोष्ट सुरू होते. लग्नाच्या पंगती डोळ्यांसमोर आणा, पहिली पंगत श्रीखंड-पुरीवर ताव मारून उठते, दुसरीला भात-आमटी, आणि शेवटी घरची माणसं उरलंसुरलं खायला बसतात. उकिरड्यातही आधी साखर, पिष्ट, प्रथिनं खाणारे बसतात आणि भराभर वाढतात. खाताना प्रत्येक जीव उष्णता सोडतो, ढिगात ती कोंडते, आणि हवा-ओल बरोबर असेल तर दोनतीन दिवसांत आतलं टेम्परेचर 50-60 डिग्रीवर जातं. गंमत अशी की ज्यांनी ही उष्णता तयार केली ते स्वतःच तिच्यात टिकत नाहीत. त्यांच्या जागी उष्णता मानवणारे बॅसिलस जातीचे आणि ॲक्टिनोमायसिटीस नावाचे धाग्यासारखे वाढणारे जिवाणू येतात, त्यांना सेल्युलोज चालतं. ते खाऊन संपत आलं की ढीग निवतो, मग बुरशी आणि सावकाश काम करणारे बाकीचे येतात, लिग्निनला हात घालायची ताकद मुख्यतः त्यांच्यात असते.

हे बघायला लॅब लागत नाही. ढिगाच्या मधोमध लोखंडी पहार खुपसून दहापंधरा मिनिटं ठेवा आणि उपसून आतलं टोक मुठीत धरा. धरवत नसेल तर काम जोरात चाललंय, कोमट लागलं तर हवा किंवा पाणी कमी पडलंय, आणि गार लागलं तर एक तर खत झालंय नाही तर काहीच झालेलं नाही. मग फावड्यानं वीतभर खाली उकरून बघा, राख भुरभुरल्यासारखा पांढुरका थर दिसेल. लोक त्याला बुरशी समजून घाबरतात, बहुतेक वेळा ते ॲक्टिनोमायसिटीस असतात आणि ते दिसणं चांगलं. पहिल्या पावसाच्या मातीचा जो वास येतो तो जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, तेही याच कुटुंबातले स्ट्रेप्टोमायसिस बनवतात, म्हणून नीट कुजलेल्या खताला तसाच वास येतो.

वासावरून एवढं कळतं की मला वाटतं थर्मामीटरच्या आधी नाक वापरावं. डोळ्यांत चरचरणारा वास म्हणजे अमोनिया, नत्र उडून चाललंय. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आत हवा नाही आणि पाणी तुंबलंय. आंबूस, ओकारीसारखा वास म्हणजे आम्लं साचलीत. अमोनियाचं मूळ बहुतेक वेळा गोठ्यातच असतं, कारण जनावर जे जास्तीचं नत्र टाकतं त्यातलं पुष्कळसं मूत्रात युरिया म्हणून असतं, आणि हा युरिया फोडणारं युरिएज नावाचं एन्झाइम शेणातल्या जिवाणूंकडं असतं. दोन्ही एकत्र आली की काही तासांत अमोनिया सुटायला लागतो. म्हणून गोठ्यात उतार काढून मूत्र नालीनं वेगळं घेणं, किंवा खाली पाचट, भुसा, उष्टावळ चारा पसरून ते शोषून घेणं, या जुन्या सवयी नुसत्या स्वच्छतेच्या नाहीत.

पाचटानं आणखी एक काम होतं. जिवाणूंना अंग वाढवायला कर्ब आणि नत्र दोन्ही लागतं, ढिगात साधारण 25 ते 30 भाग कर्बाला एक भाग नत्र असेल तर त्यांचं छान चालतं, यालाच कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. कोंबडीखतात नत्र फार म्हणून तिथं अमोनिया भपकतो, उसाच्या पाचटात कर्ब फार म्हणून ते वर्ष वर्ष तसंच पडून राहतं, दोन्ही मिसळली की दोघांचंही भलं होतं. अल्बर्ट हॉवर्ड यांची 1924 ते 31 च्या काळात बसवलेली इंदूर पद्धत, किंवा आपल्या पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांची भोकं ठेवून बांधलेली विटांची टाकी, दोन्हींचा गाभा हाच की काडीकचरा, शेण, माती यांचे थर आणि आत हवा. नाडेपच्या भिंतीतली ती भोकं म्हणजे मजुरीची बचत आहे, नाहीतर ढीग पलटी मारत बसावं लागतं.

## खड्ड्याचा तळ आणि गॅसची टाकी

आपला नेहमीचा उकिरडा मात्र असा नसतो. रोज वरून पाट्या ओतायच्या, पावसाळ्यात पाणी भरणार, मे महिन्यात ट्रॉली लावून उपसायचा. वरचा वीतदीडवीत थर हवेत कुजतो, तळाला काळपट हिरवा, चिकट, घाण वासाचा माल निघतो. तिथं हवा पोचलेली नसते, म्हणून काम करणारेच वेगळे.

हवेशिवाय कुजणं एकट्यादुकट्याला जमत नाही. एक गट मोठे रेणू फोडतो, दुसरा त्यांची आम्लं करतो, तिसरा त्या आम्लांचं ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतो, आणि शेवटी आर्किया त्याचा मिथेन करतात. यातल्या तिसऱ्या गटाची गत विचित्र असते, हायड्रोजन साचला तर त्यांचं काम ठप्प होतं, म्हणून तो खाणारं कुणीतरी अगदी खेटून असावं लागतं. बरीच वर्षं शास्त्रज्ञ एका जिवाणूला अल्कोहोलपासून मिथेन बनवणारी एकच जात समजत होते, 1967 मध्ये मार्व्हिन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथं दोन वेगळे जीव राहतायत, एक हायड्रोजन सोडतो, दुसरा खातो, आणि त्या अल्कोहोलवर पहिल्याचं दुसऱ्याशिवाय फारसं चालत नाही.

गोबर गॅस बिघडतो तेव्हा नव्वद टक्के हीच भानगड असते, हे माझं मत. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात, मिथेनवाल्यांना कित्येकदा दिवस लागतात. हौसेनं पहिल्या आठवड्यातच टाकी भरभरून घातली की आम्ल साचतं, सामू म्हणजे पीएच 6.5 च्या खाली जातो, मिथेनवाले बसून राहतात, आणि शेगडीला काडी लावली तर फक्त फुस्स होतं कारण आत कार्बन डायऑक्साइडच जास्त. अशा वेळी आणखी शेण घालू नका. काही दिवस उपाशी ठेवा, चालू प्लांटमधली बादलीभर स्लरी आणून टाका, तिच्यात मिथेनवाले तयार असतात. व्यवस्थित चाललं तर एक किलो ताज्या शेणाला साधारण 40 लिटर गॅस मिळतो, त्यात 55-60 टक्के मिथेन. थंडीत गॅस कमी होतो कारण त्यांना 35 डिग्रीची सवय.

उघड्या खड्ड्यातून हाच मिथेन हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीसपट तापवतो. टाकीत धरून शेगडीत जाळला तर निदान स्वयंपाक तरी होतो.

## "ताजं शेण सरळ रानात टाकलं तर काय बिघडलं?"

बरंच. अर्धवट काड्या खाताना जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि पीक पिवळं पडतं. तणाचं बी जसंच्या तसं येतं, कारण ते मारणारी ढिगातली उष्णता मिळालेली नसते. हुमणीचे भुंगे न कुजलेल्या शेणाकडं अंडी घालायला येतात, ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि रोगाचे जिवाणू. कॅनडात ओंटारिओमधल्या वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये जोराचा पाऊस झाला, शेतातल्या शेणखतातले जिवाणू गावाच्या उथळ विहिरीत उतरले, क्लोरीनची देखरेख ढिसाळ होती, साधारण 2300 लोक आजारी पडले आणि 7 जण गेले. त्यातला मुख्य जिवाणू ई. कोलाय ओ157, जो गाईच्या आतड्यात मजेत राहतो, गाईला काही होत नाही. आपल्याकडं विहिरीच्या कडेला उकिरडा ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा नियमच आहे की मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी 120 दिवस कच्चं शेण टाकायचं नाही, आणि खत करायचं तर ढीग 55 डिग्रीच्या वर 15 दिवस ठेवून पाच वेळा पलटी मारायचा. कोथिंबीर, मेथी, पालक लावणाऱ्यांनी हे जरूर बघावं, कारण ते कच्चं खाल्लं जातं किंवा नीट धुतलं जात नाही.

"मग धनगर मेंढ्या बसवतात तेव्हा ताजंच पडतं की!" बरोबर, आणि ती पद्धत चांगली आहे. पण तिथं लेंडी कोरडी असते, रानभर विखुरलेली असते, मूत्र लगेच जमिनीत मुरतं, वर उन्हाळ्याचं ऊन आणि पेरणीला अजून अवकाश. जाड ओला थर कुठंच साचत नाही. पेरणीच्या आदल्या आठवड्यात ताज्या शेणाची ट्रॉली उलटी करणं आणि हे, दोन्हींत फार अंतर आहे.

## "आजी शेणानं सारवायची, शेण तर शुद्ध असतं"

पातळ सारवलेला थर तासाभरात वाळतो आणि वाळलं की जिवाणूंचं काम थांबतं, हे वर आलंच. पण थांबणं म्हणजे मरणं नव्हे. धनुर्वाताचा जिवाणू बीजाणू करून, म्हणजे कवच घालून, वर्षानुवर्षं पडून राहतो, खताच्या ढिगाची उष्णताही त्याला पुरत नाही. बाळाच्या नाळेला शेण लावायची पद्धत देशात कित्येक भागांत होती आणि त्यातून नवजात बाळांना धनुर्वात व्हायचा. आईला लस, दवाखान्यातलं बाळंतपण आणि नाळ कोरडी ठेवणं यामुळं 2015 मध्ये भारत त्यातून मुक्त जाहीर झाला. जखमेला शेण लावू नका, आणि खत उपसताना पायाला काही लागलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

## जीवामृत आणि बाटल्या

जीवामृताची कृती बहुतेकांना पाठ आहे, 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, एकरभर रानाला. जिवाणूंच्या नजरेनं बघितलं तर ही गूळ-बेसनाची मेजवानी आहे, तिथं भरभर वाढणारे जिंकणार आणि पिंपातली वस्ती रोज बदलणार. त्यामुळं दोन शेतकऱ्यांचं जीवामृत एकसारखं नसतं, एकाच शेतकऱ्याचं मंगळवारचं आणि शनिवारचंही नसतं. मातीतल्या जिवाणूंना चालना मिळते असं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण त्यातून पिकाचं नत्र भागतं हे गणितात बसत नाही. 10 किलो शेणात नत्र फार तर 50 ग्रॅम, गोमूत्रात आणखी 100 ग्रॅम धरा, बेसनाचं थोडं. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी 400 किलो, म्हणजे एकरी 160 किलो. शिफारस निम्म्यावर आणली तरी आकडे जुळत नाहीत, ते नत्र दुसरीकडून, म्हणजे शेणखत, द्विदल पिकं, पालापाचोळा यातूनच यावं लागेल.

डिकंपोजरचंही, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंच्या बाटलीचंही, तसंच. गाझियाबादच्या सरकारी सेंद्रिय शेती केंद्राची बाटली 20 रुपयांना मिळायची, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण कोरड्या ठणठणीत पाचटावर ती शिंपडून काही होत नाही. तिथं कमी पडतंय ते पाणी आणि नत्र. ओल आणि शेणकाला दिला तर बाटलीशिवायही कुजतं, कारण कुजवणारे तिथं आधीच असतात.

## अँटिबायोटिकचं काय?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. गाईला कासदाह झाला की इंजेक्शन, ट्यूब, आणि या औषधांचा बराचसा भाग न मोडता शेण-मूत्रातून बाहेर पडतो. तो ढिगात जातो, तिथं ज्यांना ते औषध सोसतं तेच वाचतात. वर जिवाणू प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे छोटे सुटे तुकडे एकमेकांना देतात, त्यामुळं औषधाला दाद न देण्याचा गुण एका जातीतून दुसऱ्या जातीत जातो. 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांत आणि मांसात कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाला न जुमानणारा असाच सरकणारा जीन सापडला आणि जगभर खळबळ उडाली. भारतानं 2019 मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

मग औषध न दिलेल्या गाईचं शेण वापरलं की प्रश्न मिटला? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जो हँडेल्समन यांच्या येल विद्यापीठातल्या टीमनं 2014 मध्ये हेच तपासलं. अँटिबायोटिक न दिलेल्या गाईंचं शेण काही मातीत आणि रासायनिक खत काही मातीत घातलं. शेण घातलेल्या मातीत पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना न जुमानणारे जिवाणू जास्त वाढले, आणि ते शेणातून आलेलेच नव्हते, मातीत आधीपासून होते. शेणाच्या खुराकावर ते फोफावले. गाय निर्दोष, औषध नाही, आणि तरी हा निकाल, कारण खायला काय मिळालं त्यानं कोण वाढणार ते ठरलं.

यावरून शेणखत बंद करा असा अर्थ काढू नका, आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे आणि शेणखताला पर्याय नाही. अर्थ एवढाच की ते गरम होऊन, कुजून जाऊ द्या. टेट्रासायक्लिनसारखी औषधं गरम ढिगात बऱ्यापैकी मोडतात, रोगाचे बहुतेक जिवाणू मरतात, ते जीन मात्र कमी होतात तरी सगळे जात नाहीत. कोर्स चालू असलेल्या जनावराचं शेण गॅसच्या टाकीत घालू नका, मिथेनवाल्यांना त्याचा फटका बसू शकतो, ते वेगळ्या ढिगात टाका आणि तो ढीग भाजीपाल्याला न घालता फळबागेला किंवा उसाला ठेवा. ज्या दिवसांत त्या गाईचं दूध डेअरीला घालायचं नाही असं डॉक्टर सांगतात, त्याच दिवसांत तिचं शेणही वेगळं ठेवायचं, एवढा साधा हिशोब पुरतो.